कोरीडोरास: सफाईसाठी घेणार असाल तर पैसे वाचवा

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. कोरीडोरास, म्हणजे टँकच्या तळाशी फिरणारा छोटा मिशीवाला मासा, लाडाने कोरी, टँक साफ करत नाही. काचेवरचं शेवाळ खात नाही, दुसऱ्या माशांची विष्ठा तर मुळीच खात नाही, उलट स्वतःची त्यात भर घालते. नागपुरात जिथे जाल तिथे मात्र ती "सफाईवाली" म्हणूनच खपवतात आणि घेणाराही त्याच हिशेबाने घेतो. गोल्डफिश घेतले, गप्पी घेतले, पैसे चुकते करताना दुकानदार म्हणतो, "ताई, दोन कोरी पण टाकून देतो, खालचं सगळं खाऊन घेईल." मग त्या दोघी रंगीत टोकदार खड्यांवर तोंड घासत, वरून चुकून आलेल्या चुऱ्यावर दिवस काढतात आणि एक दिवस फिल्टरमागे मरून पडलेल्या सापडतात. तक्रार करायला गेलं की उत्तर ठरलेलं: "नाजूक असते न ही जात."

नाजूक कुठली! त्रिनिदादपासून अर्जेंटिनाच्या उत्तरेपर्यंत, अँडीजच्या पूर्वेचा बहुतेक सगळा दक्षिण अमेरिका खंड या माशांनी व्यापलेला आहे. अंगावर हाडांचं चिलखत आहे, काटे आहेत, पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर वरची हवा गिळून भागवायची सोय आहे. एवढी तयारी असलेला मासा तुमच्या टँकमध्ये टिकत नसेल तर खोट टँकमध्ये आहे.

धरमपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशिनं, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग आणि काउंटरच्या टोकाला तीन फुटी टँक, पाणी शंभर लिटरच्या आसपास. परीक्षेच्या दिवसांत पोरं रांगेत उभी असतात तेव्हा त्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून तो ठेवला होता. आता पोरं झेरॉक्स घेऊन झाल्यावरही हलत नाहीत, हा भाग वेगळा. या सगळ्या कोरींच्याच जाती: माझ्याकडे ब्राँझ कोरी आहेत, स्टर्बाय आहेत, आणि घरी एका छोट्या टँकमध्ये पिग्मी. पांडाही पाळून झाले. म्हणजे दुकानदाराच्या बोलण्यावर नाही, रोजच्या बघण्यावर लिहिते आहे.

आधी वस्तू काय आहे ते बघा. ब्राँझ कोरी पूर्ण वाढली की दोन-अडीच इंच, मादी थोडी मोठी आणि पोटाशी रुंद. कुशीवर खवले नाहीत, त्याऐवजी दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, मंगलोरी कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या. उजेड तिरका पडला की या पट्ट्यांवर हिरवट तांबूस झाक येते, ती फोटोत कधीच उतरत नाही. तोंड खालच्या बाजूला, भोवती छोट्या मिश्या. या मिश्यांनी ती रेती चाचपते, तोंड थेट डोळ्यापर्यंत रेतीत खुपसते आणि कल्ल्यांतून रेती बाहेर सोडते. कल्ल्यांतून रेतीची बारीक धार सुटते आहे आणि मासा खातोच आहे, हे एकदा जवळून बघा. टोकदार ग्रॅव्हलमध्ये, म्हणजे खड्यांत, हे तिला करताच येत नाही. आणि हो, ती डोळा मारते. पापणी नाही, पण बुबुळ खाली फिरवून परत वर आणते, ते हुबेहूब डोळा मारल्यासारखं दिसतं. माझ्या दुकानातली अर्धी गर्दी त्यासाठीच असते.

आता खरेदी. माझ्याकडे पावत्या नाहीत, कारण या धंद्यात पावती मागितली की लोक इन्कम टॅक्सवाल्यासारखं बघतात. पण साधारण भाव असे: ब्राँझ आणि अल्बिनो साठ ते शंभर रुपयांना एक, पांडा आणि स्टर्बाय दोनशेच्या पुढे, स्टर्बाय चांगल्या आकाराची असेल तर साडेतीनशेपर्यंतही सांगतात. सहा-आठ एकदम घेतल्या तर भाव उतरतो, आणि सहापेक्षा कमी घेऊच नका. हे दुकानदाराचं गिऱ्हाईक वाढवायचं वाक्य नाही. कोरी कळपाने राहणारी आहे, आणि कळप म्हणजे तिच्या जातीचाच. केंब्रिज विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ब्राँझ कोरींवर केलेल्या कामात दिसलं की या कोरी एकमेकींना स्पर्शाने, हलक्या ढुशा देऊन, एकत्र ठेवतात. एकटी कोरी ढुशी देणार कोणाला? ती फिल्टरमागे जाऊन बसते आणि आपण म्हणतो, आळशी आहे.

दुकानात गेल्यावर मासा हातात घ्यायच्या आधी, खरं म्हणजे पिशवीत घालायच्या आधी, चार गोष्टी बघा. मिश्या आहेत का. पोट खपाटीला गेलेलं नाही ना. खालची बाजू लालसर नाही ना. पाठीवरचा पर उभा आहे का, की अंगाला चिकटून पडला आहे. मग दुकानदाराला थोडं खाणं टाकायला सांगा. खायला धावल्या तर घ्या. सदरकडे एक दुकान आहे, तिथला मालक हे सांगितल्यावर चिडतो. सीताबर्डीकडचा दुसरा एक स्वतःच टाकून दाखवतो आणि वर म्हणतो, "काल रात्रीच बॉक्स आला ताई, चार दिवस थांबा, मग घेऊन जा." मी कोणाकडे जाते हे सांगायला नको. माल बहुतेक कोलकात्याहून नाहीतर चेन्नईहून येतो, थर्माकोलच्या खोक्यांत, रेल्वेने. प्रवासातून उतरलेली कोरी त्याच दिवशी घरी आणली तर दुकानात मरायची ती घरी मरते, एवढाच फरक.

प्रवासाबद्दल एक खास धोका आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. घाबरलेली कोरी अंगातून विषारी द्रव सोडते. मोठ्या टँकमध्ये तो विरून जातो, पण छोट्या पिशवीत तिलाच भोवतो. जुने हौशी लोक म्हणून सांगतात की एका पिशवीत खच्चून भरू नका आणि पाण्याला फेस आलेला दिसला तर तडक पाणी बदला. मी मोठी पिशवी मागते, वरून कागद गुंडाळते म्हणजे आत अंधार राहतो, आणि घरी आल्यावर पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच ओतत नाही.

फसवणुकीचे दोन प्रकार ठरलेले आहेत. पहिला साधा: "जुली" म्हणून जी ठिपक्यांची कोरी विकतात, ती बहुतेक वेळा जुली नसतेच, ट्रायलिनिआटस असते. खऱ्या जुलीच्या डोक्यावर सुटे सुटे ठिपके असतात; हिच्या डोक्यावर ते ठिपके एकमेकांना जोडून जाळी झालेली असते. मासा म्हणून ट्रायलिनिआटसही छानच आहे, फक्त जुलीचे पैसे देऊ नका. दुसरा प्रकार मात्र हलकट आहे. गुलाबी, निळ्या, पोपटी कोरी दिसल्या तर त्या अल्बिनो कोरींना सुईने रंग टोचून केलेल्या असतात. काही महिन्यांत रंग उडतो, तोवर मासा जगला तर. दुकानदार म्हणतो, "फॉरेनची व्हरायटी आहे." कुठली फॉरेनची! अशा दुकानातून मी खाण्याचा डबासुद्धा घेत नाही.

घरी आणल्यावर पहिला खर्च रेतीचा, आणि तो आपल्याकडे जवळजवळ फुकट आहे. बांधकामाची कन्हान नदीची रेती कुठेही मिळते. आधी जाड खडे चाळून काढा, मग रव्याच्या चाळणीतून जे खाली पडेल त्यातली अगदी मातीसारखी पूड धुऊन टाका. धुणं हेच खरं काम आहे. बादलीत पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचं, आणि ते लवकर दिसत नाही. चिमूटभर रेतीवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती पाणी जड करत राहील, टाकून द्या. टँकमध्ये इंच-दीड इंचाचा थर पुरे. दुकानातली काळी निळी ग्रॅव्हल दिसायला झकास असते, पण तिच्या खाचांत खाणं अडकून सडतं, त्या सडक्यात कोरीचं तोंड चोवीस तास असतं आणि मिश्या झडतात. मिश्या झडलेल्या कोरीला चाचपता येत नाही, म्हणून ती खात नाही, म्हणून ती मरते. "नाजूक जात" म्हणतात ती इथून येते.

पाण्याचं म्हणाल तर नागपूरला नळाला येतं ते पेंच आणि कन्हानचं, क्लोरीन घातलेलं. क्लोरीन मारायचे थेंब किंवा खडे कुठल्याही दुकानात दहा-वीस रुपयांपासून मिळतात, ते टाळू नका. आणि मीठ टाकू नका. आपल्याकडे मासा शिंकला तरी खडेमीठ टाकायची पद्धत आहे. मॉली-गप्पींना ते चालतं, कोरींना झेपत नाही. औषधांचंही तसंच, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरू करते मी.

आता जो मुद्दा पुण्या-मुंबईच्या लोकांच्या लिहिण्यात येत नाही तो: ऊन. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला जातो. माझ्या दुकानात वरून दोन झेरॉक्स मशिनं तापलेली असतात. कोरीची बहुतेक पुस्तकी माहिती बावीस ते सव्वीस अंशांवर थांबते. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळातूनच त्याहून गरम पाणी येतं, बाप्पा!

त्यात खरी अडचण नुसत्या उष्णतेची नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तीस अंशांना साडेसात. मासा मात्र गरम पाण्यात जास्त श्वास घेतो. कोरी इथे आपली युक्ती वापरते: सुसाट वर येते, हवेचा घोट घेते आणि तळाला परत. ही हवा तिच्या आतड्याच्या मागच्या भागात शोषली जाते. फुप्फुस नाही, आतडंच ते काम करतं. एरवीही ती अधूनमधून वर जातेच, त्यात आजार काही नाही. पोरं घाबरतात, "काकू, हा मरून राहिला का?" नाही रे बाबा, श्वास घेतोय. पण सगळा कळप मिनिटामिनिटाला वर पळायला लागला तर समजा पाण्यात काहीतरी बिघडलं आहे. आणि पाण्याची पातळी काठोकाठ ठेवून वर काच घट्ट बसवू नका, घोट घ्यायला हवेचा थर हवा.

उपाय स्वस्तात होतो. पाण्यावर तिरका एक छोटा टेबल फॅन, बस. विदर्भात हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि उडताना टँक गार करतं. ज्या तत्त्वावर आपला खसचा कूलर चालतो तेच. माझ्या टँकचा पारा त्याने तीन-चार अंश खाली राहतो. मुंबईच्या दमट हवेत एवढा फायदा व्हायचा नाही. बर्फाच्या बाटल्या टाकायचा सल्ला सगळे देतात, मला तो आवडत नाही. तासात पारा खाली, तासात वर, ही ये-जा माशाला गरमीपेक्षा वाईट. फॅनचा एक तोटा आहे: पाणी उडतं, त्यातले क्षार मागे राहतात, आणि वरून नळाचं पाणी घालत गेलात तर पाणी जड होत जातं. रोजची घट मी आरओच्या पाण्याने भरते.

यावरून कुठली कोरी घ्यायची ते ठरतं. स्टर्बाय ही ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीची, गरम पाण्याची. तिच्या छातीच्या परांचे काटे नारिंगी असतात, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव असल्या गावांत राहत असाल तर डोळे झाकून स्टर्बाय घ्या, पैसे जास्त पडले तरी. ब्राँझ आणि अल्बिनो मधल्या; फॅन लावला तर उन्हाळा काढतात. अल्बिनो ही वेगळी जात नाही, बहुतेक ब्राँझचीच रंगहीन आवृत्ती. पांडा दिसायला सगळ्यांत गोड, डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीच्या मुळाशी काळा डाग, पण पेरूमधली, अँडीजकडून येणाऱ्या थंडगार ओढ्यांच्या भागातली. वीस ते पंचवीस अंश तिला मानवतात. आमच्याकडे पांडाचा उन्हाळा एसीशिवाय निघत नाही आणि मी माशांसाठी एसी लावणारी नव्हे. महाबळेश्वरला राहणाऱ्या कोणी पांडा पाळून दाखवाव्यात, मी बघायला येईन. पेपर्ड कोरीचंही तेच, ती आणखी दक्षिणेकडची, ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातली. बीगल जहाजावरच्या प्रवासात डार्विनने तिचे नमुने गोळा केले होते आणि १८४२ मध्ये तिचं वर्णन छापलं गेलं, इतकी जुनी ओळख. एकोणिसाव्या शतकातच तिची पॅरिसमध्ये टँकमध्ये पिल्लंही झाली. थंड पाण्याची म्हणूनच त्या काळी हीटरशिवाय युरोपात टिकली असणार.

पिग्मीबद्दल दोनच वाक्यं. इंचभरही होत नाही, तळाला न बसता मधल्या पाण्यात तरंगत फिरते, आणि मोठ्या माशांबरोबर ठेवली तर ती त्यांचं जेवण होते. दहाएक एकत्र, स्वतंत्र टँक, नाहीतर नको.

पुस्तकांत नावं शोधाल तर गोंधळ होईल, म्हणून सांगते. कोरीडोरास या एका नावाखाली १७० हून जास्त जाती होत्या. लॅसेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये हे नाव दिलं तेव्हापासून त्यात भर पडतच गेली. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं आणि हाडं तपासून या सगळ्या गोतावळ्याची सात वंशांत नव्याने वाटणी केली. आपली ब्राँझ आता ऑस्टिओगॅस्टर झाली, पांडा आणि स्टर्बाय होप्लिसोमा, पिग्मी गॅस्ट्रोडर्मस. लांब नाकाच्या काही जाती तेवढ्या कोरीडोरास राहिल्या. दुकानाच्या काचेवर पुढची पंचवीस वर्षं "कोरी" हेच लिहिलेलं राहणार, तेव्हा काळजी नसावी.

खाण्याकडे या. "उरलेलं खाईल" हा हिशेब बंद करा. वर तरंगणारे दाणे वरचे मासे संपवतात, खाली पोचतं ते पीठ. कोरीला बुडणारे पेलेट, म्हणजे खाण्याच्या गोळ्या, स्वतंत्र द्यावे लागतात, आणि शक्यतो दिवे बंद केल्यावर, म्हणजे वरची मंडळी झोपलेली असतात. आठवड्यातून एक-दोनदा फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, सगळीकडे मिळतात, स्वस्तही असतात, पण ते गटारात वाढवलेले असतात. मी देत नाही. मी टाकलेले पेलेट रात्रीतून संपतात की नाही हे सकाळी शटर उघडल्यावर बघते. उरले असतील तर नळीने ओढून काढते. ती नळी, म्हणजे सायफन, हाच तुमचा खरा सफाई कामगार. दर आठवड्याला पंचवीस-तीस टक्के पाणी बदलायचं, ते कोरी असो वा नसो चुकत नाही.

जाळीने पकडू नका. पाठीवरच्या आणि छातीच्या परांचे पहिले काटे ती ताठ करून अडकवून ठेवू शकते, आणि मग ती जाळीत अशी गुंतते की जाळी कापावी लागते. पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास किंवा डबी घ्या, हळूच वरून आणा. एकदा काटा माझ्या अंगठ्यात गेला. खोल नव्हता, पण जळजळ दुकान बंद करेपर्यंत राहिली, कारण छातीच्या काट्याच्या मुळाशी विषाची बारीक ग्रंथी असते. गरम पाण्यात बोट बुडवल्यावर बरं वाटलं. लहान मुलांना हात घालू देऊ नका एवढंच.

आता या वस्तूचा सगळ्यांत मोठा फायदा, ज्याचे दुकानदार पैसे लावत नाहीत. निसर्गात कोरी पावसाळ्यात अंडी घालते. गार पाण्याचा लोंढा आला की तिला कळतं. आमच्याकडे मृगाच्या आसपास पहिला जोरदार पाऊस पडतो, हवा एकदम गार होते. त्याच सुमाराला मी टँकचं जरा जास्त पाणी बदलते, दोन-तीन अंश गार पाण्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी धावपळ सुरू होते. नर मादीच्या मागे, तिच्या डोक्यावरून पाठीवरून मिश्या फिरवत. मग नर आडवा होतो आणि मादी तोंड त्याच्या पोटाशी लावून थांबते, दोघांचा मिळून इंग्रजी टी तयार होतो. काही सेकंद सगळं स्तब्ध. मादीने पोटाखालचे दोन पर जोडून ओंजळ केलेली असते, त्यात दोन-चार अंडी येतात. ती ओंजळ घेऊन ती काचेशी जाते, जागा तोंडाने साफ करते, पोट टेकवते आणि अंडी चिकटवते. परत नराकडे. माझ्या टँकमध्ये हे दुपारपर्यंत चालतं आणि काचेवर मोहरीएवढे पिवळट मणी जमतात.

ते टी करून मादी काय करते, याचं उत्तर जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दिलं. ब्राँझ कोरीची मादी नराचं वीर्य चक्क पिते. ते तिच्या आतड्यातून झरकन पार होऊन मागून बाहेर पडतं, थेट ओंजळीतल्या अंड्यांवर. संशोधकांनी मादीच्या तोंडाशी निळा रंग सोडून ते तपासलं होतं. मी हे एका बी.एस्सी.च्या मुलीला सांगितलं तर तिने झेरॉक्सचे पैसे द्यायचे राहून टँकचा व्हिडिओ काढला. पुढच्या आठवड्यात तिचे सर येऊन बघून गेले.

आईबाप अंडी खातात, म्हणून ती मी जुन्या एटीएम कार्डाने अलगद खरवडून वेगळ्या डब्यात ठेवते, त्यात टँकचंच पाणी आणि एअर पंपाची हलकी नळी. पांढरी पडली ती वाया गेली, काढून टाकायची, नाहीतर बुरशी शेजारच्यांना लागते. तीन-चार दिवसांत पिल्लं निघतात, पहिले एक-दोन दिवस पोटाखालच्या पिशवीवर जगतात, मग खायला आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, पिल्लं लागतात. हे खर्चाचं आणि चिकाटीचं काम आहे. जमलं तर उत्तम, नाही जमलं तरी काचेवरचा तो दिवस बघायला मिळतोच.

राहिली "मग शेवाळाला काय घेऊ?" ही विचारणा. दुकानदार लगेच सकर पुढे करतो, तो काळा, खरखरीत, काचेला चिकटणारा. तोही चिलखतवालाच, दक्षिण अमेरिकेचाच, पण दुसऱ्या घराण्यातला, शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. तुम्हाला बोटभर मिळतो आणि वाढून दीड फुटाच्या घरात जातो. मोठा झाल्यावर लोक तो तळ्यात, नदीत नेऊन सोडतात. भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत त्याने ठाण मांडलं आहे. काठ पोखरून बिळं करतो, मासेमारांची जाळी फाडतो, आणि विकला काही जात नाही. आमच्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर फिरायला जाताना पिशवीत सकर नेणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणं आहे: नका सोडू. शेवाळाला गोगलगाय घ्या, दिव्याचे तास कमी करा, आणि काच घासायचा स्पंज ऐंशी रुपयांना मिळतो.

गुण द्यायचे तर असे. मासा म्हणून पाचपैकी पाच, स्टर्बायला तर मी सव्वापाच देईन. सफाईवाली म्हणून शून्य. पैशाच्या मानाने चार, कारण सहा घ्याव्या लागतात, रेती, फॅन, पेलेट वेगळे. पण नीट ठेवल्या तर दहा-दहा वर्षं जगतात.

सीताबर्डीवाल्याकडे मी वाढवलेली पिल्लं देते, पैशांऐवजी पेलेटचे डबे घेते. त्याने त्या टँकवर "लोकल ब्रीड, नागपूर के पानी की" असं लिहून ठेवलं आहे आणि भाव बाहेरच्यापेक्षा दहा रुपये जास्त लावला आहे. विचारलं तर म्हणाला, "मरत नाही न ताई, म्हणून."